पाटल्यांवर टाकलेली नथ

पाटल्या गहाण ठेवल्या त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या सोसायटीचा शेवटचा हप्ता भरल्याशिवाय किल्ली मिळणार नव्हती, आणि पाटल्या असतात कशाला, असं माझी आईच म्हणायची. त्या वर्षांत आमच्या ओळखीतलं जवळजवळ प्रत्येक घर कुठे ना कुठे हप्ते भरत होतं. हातात बांगड्या कमी दिसल्या की बायका एकमेकींना विचारायच्या, ‘कुठे घेतलात फ्लॅट?’

शाहदऱ्याच्या गल्लीतल्या सराफानं पाटल्या तोलल्या आणि मान हलवली. थोडं कमी पडत होतं. मग मी पर्समधून नथ काढली आणि त्यावर टाकली. भाजीवाला मेथीवर कोथिंबिरीची काडी टाकतो ना, तशी. आता सांगताना बरं वाटत नाही, पण तशीच टाकली. त्यानं मोती वजा धरले, सोन्याची तार तेवढी मोजली आणि पावतीवर लिहिलं, ‘कड़े दो, नथ एक मोती वाली.’

ती नथ माझी नव्हती. म्हणजे होती, पण घराची होती. माझ्या आजेसासूबाईंपासून घरात येणारी प्रत्येक सून ती घालून बोहल्यावर उभी राहायची, आणि पुढची सून येईपर्यंत ती शेवटच्या सुनेकडे राहायची. शेवटची सून मी. पुढची येणार होती वैशाखात, साताऱ्याच्या माझ्या जाऊबाईंच्या मुलाची बायको. जाऊबाईंचं पत्र होळीच्या आधीच आलं होतं. बाकी सगळं झालं आहे, तू फक्त नथ घेऊन ये.

होळी झाल्यावर आम्ही पैसे घेऊन गहाण सोडवायला गेलो, तर गल्लीतल्या दुकानाला कुलूप आणि वर पाटी, दुकान नोएडाच्या अमुक सेक्टरच्या मार्केटात गेलं आहे. तिथे गेलो. काचेचा दरवाजा, पंख्याऐवजी कूलर, आणि गल्ल्यावर सराफाच्या शेजारी त्याची बायको. पाटल्या लगेच निघाल्या. नथ निघेना. दोघांनी डबे उघडले, पुड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. दुकान हलवताना जड जड माल ते स्वतः घेऊन आले होते, हलक्या पुड्यांचा एक डबा टेम्पोतून आला होता. तो डबा पोचलाच नव्हता.

‘बहनजी, तार ही तो थी,’ सराफ म्हणाला. ‘दो ग्राम भी नहीं. मैं पूरे दो का भाव देता हूँ, आप यहाँ साइन कर दो, सब माल मिला.’ आणि पावतीसाठी हात पुढे केला.

मी पावती पर्समध्ये ठेवली. शहाणपण होतं म्हणून नाही. सातवीपर्यंत शिकलेली बाई मी, पण जे मिळालं नाही ते मिळालं असं लिहून द्यायचं नाही एवढं कळत होतं. पाटल्या मिळाल्या, असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं. त्यानं आपल्या पावतीपुस्तकातल्या कोऱ्या पावतीच्या मागची छापलेली ओळ दाखवली. चोरी, आग किंवा हरवणं यांना दुकानदार जबाबदार नाही.

सराफाची बायको म्हणाली, ‘हमारे यहाँ तो नथ इत्ती बड़ी होती है,’ आणि अंगठा नि बोट जोडून पुरीएवढं कडं दाखवलं. ‘आपकी तो ज़रा-सी थी.’ तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

आमचे हे बसमध्ये म्हणाले, ‘दुसरी घेऊ. कोण ओळखणार आहे?’

‘जाऊबाई.’

‘अंधारात?’

‘अंधारात आधी,’ मी म्हटलं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कोर्टातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीचे. त्यांना पावती दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती दोन्ही बाजूंनी वाचली.

‘वहिनी, ही दिली नाहीत हे फार चांगलं केलंत.’

‘पण मागे छापलंय.’

‘छापू दे हो. उद्या मी दारावर पाटी लावीन, इथे चप्पल चोरल्यास गुन्हा नाही. तर गुन्हा जातो का? दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतली की आपल्या वस्तूसारखी सांभाळायची. स्वतःचा माल स्वतः आणला आणि तुमचा टेम्पोत टाकला, इथेच तो अडकला. काळजी घेतली होती हे त्यानं दाखवायचं.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘मात्र वस्तू काय होती आणि आज तशी करायला काय पडेल, हे तुम्हाला सांगावं लागेल. ग्राहक मंचात गेलात तरी पहिला प्रश्न तोच येणार.’

मी हिंदीत पत्र लिहिलं, त्यांनी चुका काढल्या, मी पुन्हा लिहिलं. रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचल्याचं कार्ड आलं, उत्तर आलं नाही. मग पुन्हा नोएडाला गेले. सराफ अडीच ग्रामवर आला होता. मोती म्हणजे त्याच्या लेखी सोन्यातून वजा करायची गोष्ट. तो फसवत होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या तराजूत मोत्यांना पारडंच नव्हतं, आणि मला ते तोंडानं समजावता येईना.

निघताना मी त्याच्या बायकोला चैत्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. सहज केलं असं सांगू शकते, पण खोटं कशाला सांगू, सहज नव्हतं.

‘कीर्तन है?’ तिनं विचारलं.

‘नहीं, बस बैठना है. और दाल खानी है.’

‘रोटी के साथ?’

‘ऐसे ही. कच्ची.’

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. पण आली. नव्या फ्लॅटमधलं आमचं पहिलं हळदीकुंकू, भिंतींना अजून चुन्याचा वास होता. मी अकराजणींना बोलावलं होतं, आणि प्रत्येकीला सेक्रेटरींच्या घरून फोनवर सांगितलं होतं की नथ घालूनच या. काही कँटोनमेंटमधून आल्या, एक गुडगावहून. गौर मांडलेली, पन्ह्याचा जग मध्ये. सराफाची बायको सोफ्याच्या कडेवर बसली. आंब्याची डाळ तिनं आधी चमच्याच्या टोकानं खाल्ली, मग वाटीभर मागून घेतली. आणि तिची नजर सगळ्यांच्या नाकांवरून फिरायला लागली. धंदा नजरेत असतोच.

‘इसमें सोना कहाँ है?’ तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

‘मागे. दिसत नाही. मतलब पीछे है, मोती पकड़ने के लिए.’

‘तो पैसे किस चीज़ के?’

सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या. मोती कसे एकसारखे निवडावे लागतात, ओवणारा चांगला नसेल तर नथ कशी ओठावर लोंबते, जुने मोती आता कसे मिळत नाहीत. गुडगाववालीनं आपली चापाची नथ काढून सराफाच्या बायकोच्या नाकाला लावली आणि आरशासमोर नेलं. ती बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, ‘आपकी में कितने मोती थे?’

‘नौ,’ मी म्हटलं. ‘और बीच में लाल.’

तिनं नथ काढून गुडगाववालीच्या हातात दिली. हळदीकुंकू लावून घेतलं, ओटी घेतली आणि गेली.

चौथ्या दिवशी सराफाचा सेक्रेटरींच्या घरी फोन आला, आमच्याकडे तेव्हा फोन लागायचा होता. पुण्याच्या सोनाराकडून तशाच नथीचा अंदाज लिहून मागवा, म्हणाला. मागवला. त्यानं कुरकुरत का होईना, सगळी रक्कम दिली. ‘आपने तो मेरे घर में बैठा दिया झगड़ा,’ म्हणाला. मी ‘नथ की पूरी कीमत मिली’ असं लिहून दिलं, तेव्हाच पावती त्याच्या हातात ठेवली.

नवी नथ पुण्याहूनच घेतली आणि साताऱ्याला गेलो. पहिल्या संध्याकाळी जाऊबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

‘भरून दिलं त्यानं?’

‘हो.’

‘सगळं?’

‘सगळं.’

लग्नात सुनेनं तीच नथ घातली. छान दिसत होती पोरगी. जाऊबाईंनी पाहुण्यांत कुणाकडे अवाक्षर काढलं नाही, पंगतीत मला आग्रहानं दोन जिलब्या वाढल्या. निघायच्या दिवशी मात्र त्यांनी नथीची डबी माझ्या हातात ठेवली.

‘ही तिच्याकडे राहायची,’ मी म्हटलं. ‘रीत आहे.’

‘रीत त्या नथीची होती गं. हिचे पैसे तुला मिळाले, ही तुझी.’ आवाज साधाच होता, प्रवासाचा डबा द्यावा तसा. ‘सुनेला मी करीन काहीतरी.’

पुढे दोनदा मी ती डबी पुतण्याबरोबर पाठवून पाहिली. दोन्ही वेळा परत आली, दुसऱ्यांदा बरोबर कंदी पेढे होते.

त्या दिवशी मात्र दिल्लीच्या गाडीत यांनी विचारलं, ‘काय म्हणाल्या वहिनी?’

‘नथ परत दिली.’

‘मग बरंच झालं की,’ हे म्हणाले, आणि धूळ येत होती म्हणून खिडकी खाली ओढून घेतली.