मेडलरची अढी

परवा कॉलवर मला बशीतून काहीतरी काळपट चमच्याने खाताना पाहून तुम्ही दोघं ओरडलात, "आजी, तू सडकं फळ का खातेस?" कुकर लावायचा होता म्हणून मी तेव्हा उत्तर टाळलं. आज दुपारी आजोबा झोपलेत, तर नीट लिहिते.

पहिली गोष्ट, ते फळ सडकं नाही. दुसरी, ते मुळात माझ्यासाठी नव्हतंच.

मागच्या बागेत कुंपणापाशी मेडलरचं झाड आहे, आजोबांनी निवृत्तीनंतर लावलेलं. फळ लहान, तपकिरी सफरचंदासारखं, आणि बुडाला मोठा उघडा डोळा. त्या डोळ्यावरून इंग्रजांनी पूर्वी त्याला एक नाव ठेवलं होतं. शेजारच्या बाई ते मोठ्याने म्हणतात, मी लिहिणार नाही. नोव्हेंबरात दव गोठून गवत पांढरं झालं की फळं उतरवायची. तेव्हा ती टणक असतात, आणि इतकी तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आजोबा गॅरेजमध्ये त्यांची अढी घालतात, लहानपणी त्यांच्या घरी आंब्याची घालत तशी. पेंढा मात्र पेट-शॉपमधला, सशांसाठी मिळतो तो. डोळा खाली करून एकेक फळ मांडायचं, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. काही आठवड्यांत गर तपकिरी आणि मऊ होतो, अंगठ्याने दाबलं की दबतो. चव खजूर आणि चिकूच्या मधली, मागून जराशी आंबूस. कार्डिफच्या हिवाळ्यात आजोबा ह्या एकाच गोष्टीची वाट बघतात.

गेल्या वसंतात त्यांच्या किडन्या थकल्याचं कळलं. डायलिसिसची वेळ आलेली नाही. पण रक्तातलं पोटॅशियम वाढू द्यायचं नाही, कारण ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायटिशियनने दिलेला तक्ता फ्रिजवर लावलाय. केळं बंद, नारळ बंद, टोमॅटो जपून. बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि पाणी ओतून द्यायचं. पालेभाजीचंही तसंच. मला शिस्त आवडते हे तुम्हाला माहीत आहे. पण स्वतःच्या नवऱ्याच्या ताटावर रोज तिन्ही त्रिकाळ पहारा द्यायचा, ही शिस्त मी मागितली नव्हती. त्यांना नाही म्हणण्याचाच मला थकवा येतो.

तर अढीतलं पहिलं फळ पिकलं आणि आजोबा ते बशीत घेऊन स्वयंपाकघरात आले.

"हे काय?" मी विचारलं.

"पहिलं. दाबून बघ."

"तक्त्यात नाही हे."

"म्हणजे बंदही नाही."

"अहो, तक्त्यात साबणही नाही. खाणार का?"

शेजारच्या बाई तेव्हा चहाला आल्या होत्या. नव्वदीला टेकल्यात, पण बाजू घेण्यात तरबेज. त्या म्हणाल्या, "खाऊ दे गं त्याला. माझी आजी मुतखड्यावर हेच द्यायची. बिया कुटून, वाइनमधून."

आजोबांना मी मराठीतच सांगितलं की असलं काही मनात आणू नका. त्या बियांत थोडा विषारी अंश असतो, त्या थुंकूनच टाकायच्या.

"पण ऐकलंस ना? किडनीचंच औषध आहे."

"तुम्हाला खडे नाहीत. तुमच्या किडन्या दमल्यात. दमलेल्याला औषध म्हणून आणखी काम द्यायचं नसतं."

"हे किडन्यांबद्दल बोलतेयस की तुझ्याबद्दल?"

मी बटाट्याचं पाणी ओतलं. वाफेने चष्मा धुरकट झाला, ते बरंच झालं.

शेजारणीच्या आजीला मी वेडी म्हणणार नाही. इथली जुनी माणसं पोट बिघडलं की मेडलर कच्चं शिजवून देत, तुरटपणाने पोट बांधलं जातं म्हणून. पोट साफ होत नसेल तर तेच पिकलेलं. आपल्याकडे बेलफळाचं हेच नाही का? गराला भरपूर चोथा असतो. क जीवनसत्त्व थोडं, आणि मऊ होता होता तेही कमी होतं. पण ऐन हिवाळ्यात दुसरं ताजं फळ नसलेल्या घरात एवढंही पुष्कळ असणार. पोटॅशियमही बरंच असतं. पूर्वीच्या माणसांच्या ते पथ्यावर पडलं असेल, आजोबांच्या नाही. औषध कुणाचं, हे कुणाला काय झालंय त्यावर ठरतं. हे मला कळत होतं, आणि तरी ती बशी परत गॅरेजमध्ये नेताना त्यांची पाठ मला बघवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डायटिशियनला फोन केला. तिने मेडलर कधी पाहिलंच नव्हतं. "बघून सांगते," म्हणाली, आणि खरंच संध्याकाळी तिचा फोन आला. गेल्या वेळचं रक्त ठीक आहे, आठवड्यात एखादं लहानसं चालेल, पण त्या दिवशी दुसरं काहीतरी सोडावं लागेल.

"बटाटा सोडला," आजोबा म्हणाले.

"तुम्ही? बटाटा?"

"तसाही त्याचा जीव तू पाण्यात घालवतेस."

रविवारी त्यांनी साल सोलली, बिया बाजूला काढल्या आणि चहाच्या चमच्याने अगदी सावकाश खाल्लं. अर्धं झाल्यावर बशी माझ्याकडे सरकवली.

"अहो, पूर्ण खायची परवानगी आहे तुम्हाला."

"माहीत आहे. उरलेलं तुझं."

"मला ओटा पुसायचाय."

"ओटा कुठे जात नाही. बस. वसंतापासून तू उभ्यानेच जेवतेयस. तुला कुठला तक्ता लागू आहे?"

मी बसले. मला मेडलर कधीच फारसं आवडलं नाही. रंग बघूनच मी नको म्हणत असे. त्या दिवशी खाल्लं. गोड होतं. चमचा खाली ठेवला नाही, कारण ठेवला असता तर रडले असते, आणि चहाच्या वेळी रडणं मला पसंत नाही.

अढीत अजून बरीच फळं आहेत. आजोबांची पाळी आता रविवारीच, पण रोज दुपारी उठल्यावर ते गॅरेजमध्ये जातात, एकेक फळ दाबून बघतात आणि पिकलेलं माझ्यासाठी आणतात. मी खात असताना समोर बसतात. बशी रिकामी होईपर्यंत मला उठू देत नाहीत. तुम्ही परवा पाहिलंत ते हेच. पोटाबद्दल इथल्या जुन्या माणसांचं म्हणणं खरं निघालं, एवढंच सांगते.

गॅरेजचं दार वाजलं. ते उठलेले दिसतात. आता मला बसावं लागेल.