उजेडाची चव

ऑक्टोबरचं ऊन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी दीडच्या सुमाराला येतं आणि तीन वाजायच्या आत निघून जातं. हॅनोव्हरमध्ये या दिवसांत त्याहून जास्त मागायची सोय नाही. तेवढ्या वेळात ते खिडकीत उभ्या असलेल्या एका बाटलीतून आरपार जातं आणि ओट्यावर वीतभर लांबीचा, फिकट मधाच्या रंगाचा, जरासा थरथरणारा पट्टा पडतो. बाटली लांब मानेची, बिनरंगी काचेची आहे; भरलेली आहे, तिचं झाकण अजून काढलेलं नाही. समोरच्या इमारतीतल्या वयस्कर बाईंनी परवा अंगणातून हाक मारून मला बजावलं, की बिअर अशी उन्हात ठेवू नये, खराब होते. मी त्यांचे आभार मानले आणि बाटली तिथेच राहू दिली.

मी असं करावं, याचं माझं मलाच नवल वाटतं. वस्तू जशा ठेवायच्या तशाच ठेवणं हा माझा स्वभाव, आणि पोटापाण्याचा उद्योगही तोच. आमच्या कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत जायचं, तिथली कामाची पद्धत तपासायची, रकान्यांत शेरे भरायचे आणि चुका दाखवून परत यायचं, हे मी वीस वर्षं करते आहे. घरात वाणसामानाची यादी असते, औषधांची असते, पुण्याला न्यायच्या वस्तूंची असते आणि आठवणीने न न्यायच्या वस्तूंची वेगळी असते. माझी मुलगी रेवा, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तरं जर्मनमध्ये देते, ती एकदा म्हणाली होती की आई वर गेली की आधी तिथल्या नोंदवहीतल्या चुका काढील.

गेल्या वर्षी याच दिवसांत सुहास, माझा नवरा, मेक्सिकोहून परत आला. पुएब्ला नावाच्या गावात मोटारींचा मोठा कारखाना आहे; तिथे दोन वर्षांसाठी त्याला पाठवलं होतं. परत आला तो अर्धाच आला, असं म्हणणं सोपं आहे. पण मी मोजमाप करणारी बाई, आणि त्याचा कितवा हिस्सा तिकडे राहिला ते मला काही ठरवता येईना. कामावर जात होता, कचरा ठरल्या दिवशी ठरल्या डब्यात टाकत होता, रेवाच्या शाळेच्या सभांना बसत होता. फक्त संध्याकाळी पाच वाजता अंधार पडला की दिवा न लावता खिडकीशी उभा राहायचा. बाहेर पाहण्यासारखं काय होतं? ओल्या छपरांवर राखेसारखं उतरलेलं आकाश आणि त्याखाली सायकलींची रांग.

त्याने लपवलं काहीच नाही. आल्यावर आठवड्याभरात जेवणाच्या टेबलाशी सरळ सांगितलं, की तिथल्या कारखान्याने त्याला कायमचं बोलावलं आहे आणि ऑगस्ट संपेपर्यंत होय किंवा नाही कळवायचं आहे. आम्ही दोघी जाऊ शकत नव्हतो. रेवाची शाळेची शेवटची दोन वर्षं होती, माझी नोकरी होती. म्हणजे जायचं तर त्याने एकट्याने, आणि कायमचं. मी काय केलं असेल? कागद घेतला, मधोमध रेघ ओढली, एका बाजूला ‘राहणं’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘जाणं’. राहण्याच्या बाजूला मी भराभर अकरा कारणं लिहिली आणि पेन त्याच्याकडे दिलं. त्याने अकराही कारणं वाचली. मग ‘जाणं’च्या खाली त्याने एकच शब्द लिहिला : बिअर.

आम्ही कॉलेजपासून एकमेकांना ओळखतो. तो थट्टा करतो आहे हे मला कळत होतं, आणि ती थट्टा करताना तो हसत नव्हता हेही दिसत होतं. पण रकान्यात लिहिलेला शब्द हा माझ्या दृष्टीने शब्दच असतो. अकरा कारणांसमोर एक उभं होतं, तेही बाजारात मिळणारं. ते इथे आणून दिलं की ती बाजू रिकामी होईल, इतकं सरळ गणित मी मांडलं. आज त्या गणिताची लाज वाटते. पण त्या हिवाळ्यात मला उभं ठेवलं ते त्यानेच.

कामाच्या निमित्ताने मी सतत फिरतीवर असते. जाईन त्या गावात मेक्सिकन बिअर शोधायची आणि एकेक बाटली घरी आणायची, असा नेम सुरू झाला. लुडविग्सहाफेनला रंग पुरवणाऱ्या कारखान्याची तपासणी संपवून, धुरांड्यांच्या वासात भिजलेल्या पावसातून, मी स्टेशनामागच्या दुकानात गेले आणि एक बुटकी, तपकिरी बाटली मिळवली. विकणाऱ्याने मला दोनदा विचारलं, की जर्मनीत राहून हे कशाला? डार्मश्टाटमध्ये विद्यार्थ्यांच्या वस्तीत पेयांचं एक मोठं दुकान सापडलं. तिथला दुकानदार जाणकार होता. बिनरंगी काचेची बाटली त्याने खोक्यातून काढली आणि दिव्याकडे पाठ करून माझ्या हातात दिली. या काचेतून उजेड आत जातो आणि बिअर बिघडवतो, असं त्याने समजावलं. त्या दोषाला जर्मनमध्ये नावच आहे, लिष्टगेश्माक, म्हणजे उजेडाची चव. मी म्हटलं, म्हणजे अंधारात, थंडाव्यात ठेवायची. “गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला, आणि कोणाला तरी आपलं म्हणणं नीट कळलं याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. तेव्हापासून मी प्रत्येक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणू लागले आणि आमच्या इमारतीच्या तळघरातल्या जाळीच्या खोलीत, सुटकेसच्या मागे, सर्वांत काळोख्या कोपऱ्यात ठेवू लागले.

रविवारी दुपारी चार वाजता आम्ही दोघं बसायचो. मी आयुष्यात कधी बिअर प्यायले नव्हते, पण यादीत ‘माझा शेरा’ असा रकाना केल्यावर तो मोकळा ठेवणं मला शक्य नव्हतं. काही बाटल्यांची नावं आमच्या जिभेवर नीट बसेनात, म्हणून आम्ही त्यांना घरगुती नावं दिली. गोल पोटाची, मानेला सोनेरी कागद गुंडाळलेली ती ‘काळी’. तिला काकवीचा आणि भाजलेल्या गव्हाचा वास होता, आणि कबूल करते की ती मला फार आवडली. लेबलवर सूर्य असलेली ‘सूर्यवाली’ ही पाणी घातलेल्या ताकासारखी, कोणाला न दुखावणारी. तपकिरी बुटकी कडवट, पण प्रामाणिक. लांब मानेची, बिनरंगी ती ‘उंच’. तिची चव तोंडात ठरायच्या आतच निघून जायची. सुहास आधी वास घ्यायचा, मग एक घोट, मग डोळे मिटून थांबायचा. मी पेन उघडून त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहायची. दर वेळी तो हळूच म्हणायचा, “छान आहे. पण ती ही नाही.”

तिथे तू नेमकी कुठली प्यायचास, असं मी विचारलं नसेल का? तो ‘उंच’ बाटलीकडेच बोट दाखवायचा. मग मी वेगळ्या गावची, वेगळ्या दुकानातली तीच बाटली आणायची. बाटलीचं तापमान बदलून पाहिलं, पेला बदलून पाहिला, लिंबू पिळून पाहिलं. रेवा जाता-येता आमच्याकडे बघून मान हलवायची. रिकाम्या बाटल्या परत घेऊन पैसे देणाऱ्या दुकानातल्या यंत्राने त्या घेतल्या नाहीत, परदेशी म्हणून एकेक करून परत ढकलल्या. त्याही तळघरात रांगेने उभ्या राहिल्या. आणि तरीही, आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या रविवारांइतका आमचा संसार एका टेबलाशी त्या वर्षात कधी बसला नाही. चव सापडत नव्हती म्हणूनच तर आम्ही समोरासमोर होतो.

मग जून आला आणि फुटबॉलचा विश्वचषक आमच्या दारात येऊन उभा राहिला. मेक्सिकोचा एक सामना हॅनोव्हरलाच होता. त्या दिवशी सगळं स्टेशन हिरव्या सदऱ्यांनी आणि रुंद टोप्यांनी भरून गेलं. आम्ही भाजी घेऊन परतत होतो. रस्ता विचारायला दोघं जण सुहासकडे आले आणि तो स्पॅनिशमध्ये बोलू लागला. मी पिशव्या धरून बाजूला उभी राहिले. तो हातवारे करत होता, मान मागे टाकून हसत होता, एका परक्या माणसाच्या खांद्यावर थाप मारत होता. त्या भाषेत त्याचा आवाजसुद्धा निराळा होता, मोठा आणि थोडा बेफिकीर. हा माणूस मला माहीत नव्हता. पंचवीस वर्षं ज्याच्या सवयींची यादी मी पाठ म्हणू शकते, त्याची एवढी मोठी नोंद माझ्याकडून राहून गेली होती! घरी येताना ट्रॅममध्ये तो पुन्हा खिडकीबाहेर बघत बसला.

जुलैमध्ये मी ऑफिसच्या गाडीने डार्मश्टाटहून परत आले. कागदपत्रांनी पिशवी भरली होती म्हणून ‘उंच’ बाटली मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवली आणि चक्क विसरले. शुक्रवारपासून रविवारपर्यंत गाडी भर उन्हात उभी होती. आठवण झाली तेव्हा चार वाजत आले होते; बाटली ताप आलेल्या कपाळासारखी लागत होती. माझ्या नियमाने ती टाकून द्यायला हवी होती. पण रविवार, सगळी दुकानं बंद, तळघरात दुसरी नाही, आणि ऑगस्ट जवळ आलेला. मी बादलीत पाणी आणि बर्फ घालून ती थंड केली आणि काही न बोलता टेबलावर आणली.

झाकण निघताच वास आला. चुरगळलेल्या घाणेरीच्या पानांसारखा, उग्र, रानटी, थोडा जळकट. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि सुहासकडे पाहिलं. त्याने पेला नाकाशी धरला होता आणि तो खाली घेत नव्हता.

त्या क्षणी मला पुएब्लातलं ते दुकान आठवलं. तो तिकडे असताना एका नाताळात मी दहा दिवस गेले होते. त्याच्या घराच्या कोपऱ्यावर एका म्हातारीचं दुकान होतं. दाराबाहेर लाकडी पायऱ्यांवर, दिवसभर उन्हात, बाटल्यांची रांग. गिऱ्हाईक आलं की ती एक उचलून बर्फाच्या बादलीत बुडवायची. मी तिथेच सुहासला म्हटलं होतं, की तिला सांग, ठेवण्याची पद्धत चुकीची आहे, सावलीत ठेवायला हव्यात. त्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी भलतंच सांगितलं असावं, कारण म्हातारी खळखळून हसली होती. मी ते पाहिलं होतं. पाहून, दोष म्हणून नोंदवून, विसरले होते. माझ्या यादीत ‘साठवण’ असा रकाना होता आणि त्यात पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नोंद होती : अंधारात, थंड. ज्या रकान्यात सगळीकडे एकच उत्तर असतं, तो तपासायला आमच्या धंद्यात कोणी थांबत नाही. इतके महिने ती चव मीच, माझ्या हाताने, वर्तमानपत्रात गुंडाळून मारत होते.

सुहासने एक घोट घेतला. डोळे मिटले नाहीत.

“हीच,” तो म्हणाला.

मी पेन उचललं नाही. त्याने दुसरा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि बोटाने त्याच्या काठावरून एक फेरी मारली.

“हीच आहे गं. पण नुसती बिअरच आहे.”

बाहेर कोणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र सुरू होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा ते पाहणं पुरतं माझ्याकडे होतं. “मला वाटत होतं, ही मिळाली की बरं वाटेल,” तो म्हणाला. “तू इतकं फिरलीस.” आणि मग, पेल्याकडे बघत, “मी हो कळवतो.”

मी भांडले नाही. भांडण्यासारखा मुद्दा कुठला होता? ज्या एका शब्दाच्या जोरावर मी त्याला रोखून धरलं होतं, तो शब्द मीच खोडला होता, आणि त्याच्या खाली दडलेलं, ज्याला त्याच्याकडे नाव नव्हतं आणि माझ्याकडे रकाना नव्हता, ते उघडं पडलं होतं. सप्टेंबरात तो गेला. त्याच्या सामानाची यादी मी केली; एकही वस्तू राहिली नाही.

आता रविवारी फोन येतो. रेवा त्याच्याशी जर्मनमध्ये बोलते, मग मी. हवा, कारखाना, रेवाचे गुण. गेल्या रविवारी मी सहज विचारलं, म्हातारीच्या दुकानात जातोस का? जातो, म्हणाला, पण तिला आता काचेच्या दाराचा मोठा फ्रीज मिळाला आहे, तो आत कोपऱ्यात ठेवलाय, बाहेरच्या पायऱ्यांवर काही नसतं. बाटल्या छान थंडगार असतात. “ती चव आता इथेही नाही,” तो म्हणाला.

तो गेल्यावरही सवयीने डार्मश्टाटहून आणलेली एक ‘उंच’ बाटली तळघरात होती. दुसऱ्या दिवशी मी ती वर आणली, वर्तमानपत्र सोडलं आणि खिडकीत ठेवली. त्याला सांगितलेलं नाही. डिसेंबरात पंधरा दिवस येईन असं तो म्हणतो आहे, आणि डिसेंबरात या खिडकीत ऊन येत नाही. जे काय साठवायचं ते आत्ताच. आत गेलेला उजेड बाटलीत किती दिवस टिकतो, हे मला माहीत नाही. दुकानदाराला विचारलं असतं तर त्याने हसून पुन्हा अंधाराचाच सल्ला दिला असता. यादीतला तो रकाना मी मोकळा ठेवला आहे.

अडीच वाजले. ओट्यावरचा पट्टा आखडत भिंतीकडे सरकला आहे. मी उठते आणि बाटली जराशी फिरवते, तिची दुसरी बाजूही उन्हात यावी म्हणून.