‘रथ’ची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत सगळे तिला ‘र-वाल्या बाई’ म्हणत. नव्या आवृत्तीतलं र हे अक्षर तिच्या वाट्याला आलं आणि ती त्यात अशी रुतली, की क्ष-ज्ञवाले काम उरकून मोकळे झाले तरी हिचं आपलं ‘रताळं’ चाललेलं.

रताळ्यानंतर ‘रथ’ आला आणि बाई अडली. मागच्या आवृत्तीत ती नोंद तिच्या बाबांनी लिहिली होती: ‘ज्यात बसल्यावर माणूस रमतो, तो रथ.’ मत जुन्या पंडितांचंच, पण बाबांनी ते अशा झोकात मांडलं होतं की वक्ते भाषणात बिनधास्त उचलत. ऐकायला गोड, टिकायला कच्चं. नात्यातल्या दूरदूरच्या भाषांमध्ये या शब्दाची भावंडं सापडतात, आणि तिथे त्यांचा अर्थ निव्वळ ‘चाक’. आधी चाक, मग चाकांची गाडी, मग घोडे जुंपून लढाईत नेलेली. त्यात रमण्याचा काही संबंध नाही. बाईने एका बैठकीत तशी नोंद लिहून टाकली.

कचेरीचा शिरस्ता असा, की नोंद बदलली तर जुनी लिहिणारा हयात असल्यास त्याला ती मोठ्याने वाचून दाखवायची, मगच छापायला पाठवायची. इतरांच्या घरी बाईने बिनदिक्कत वाचलं होतं; एकदोघांनी नंतर चहासुद्धा विचारला नव्हता. पण बाबांना आता दिसत नव्हतं, आणि आई गेल्यापासून शब्दांखेरीज त्यांना सोबत नव्हती. त्यांचं लाडकं वाक्य त्यांच्याच कानांदेखत खोडणं तिच्या जिवावर आलं.

रविवारी ती त्यांच्या खाटेशी बसली. नवा कागद हातात धरला आणि जुनीच नोंद म्हणून दाखवली. पाठच होती ती.

बाबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे तर माझंच आहे. चाकाचं कुठे गेलं?”

बाबांना चाकाचं ठाऊक होतं. छापून झाल्यावर कळलं होतं, एवढंच. तेव्हापासून कुणीतरी दुरुस्त करील म्हणून ते वाट पाहत होते. र तिच्या वाट्याला आला त्या दिवशी त्यांना शांत झोप लागली होती, असं त्यांनी सांगितलं.

“मला वाटलं होतं,” ते म्हणाले, “तू तरी मला खोडशील.”

बाईला लाज वाटली, आणि रडूही आलं. मग तिने खरी नोंद वाचली. वाचताना दोनदा थांबावं लागलं.