दुसऱ्या मास्तरांचा पापड

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मिठागरावर राबणाऱ्याच्या घरात असली चैन परवडत नाही. वडील कोपरजवळच्या आगरात खपायचे. खाऱ्या पाण्याने तळपाय फाटायचे, त्यात मेण भरून सकाळी पुन्हा आगरात. घरात भात आणि सुका जवळा, तोही असला तर... त्यातून मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला. सांगायला आवडतं, म्हणून सांगतो.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले. तिथल्या बायकांना इंग्रजी शिकवायला माणूस हवा होता — बिनपगारी. नोकरी लागेपर्यंत मी जायला लागलो. कल्याण स्टेशनापासून चालत जाण्याएवढं अंतर, पण बोली, जेवण, कपडे सगळं वेगळं. परमुलखात आल्यासारखं वाटायचं.

त्यांची रीत अशी, की आलेल्या माणसापुढे आधी पापड आणि पाणी. माझ्या वर्गातल्या मोहिनीबाई माझ्यापुढे ठेवायच्या, आणि शेजारच्या रिकाम्या स्टुलावरही. मला वाटलं, असेल काही त्यांच्यात.

मोहिनीबाई विधवा. नर्सिंगच्या ट्रेनिंगची मुलाखत इंग्रजीत होती. जमली नाही, तर दीर दोन्ही मुलींना अजमेरला घेऊन जाणार हे ठरलेलं. बाई जीव तोडून शिकत होत्या. एके दिवशी मात्र मी न शिकवलेली वाक्यंच त्या घडाघड बोलल्या. उच्चार असे, की आमच्या प्रोफेसरांनी मान खाली घालावी!

"हे कोणी शिकवलं?"

"बड़े मास्टरजी ने."

"कोण बडे?"

"आपके पीछे खड़े रहते हैं ना! आप ग़लत बोलते हो तो मुंडी हिलाते हैं." सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मी वळलो. मागे नुसती भिंत.

म्हातारे, मळकट कोट, चष्म्याची एक काच तडकलेली... वेगवेगळ्या बराकींतल्या बायकांनी तेच वर्णन केलं. त्यांना वाटत होतं, मी माझ्या वरिष्ठांना घेऊन येतो. कॅम्पच्या ऑफिसात विचारलं. दुसरा शिक्षक कोणी पाठवलाच नव्हता.

त्यानंतर मला एका जागी उभं राहवेना. भिंतीला पाठ लावून शिकवलं, तर बायका खिडकीकडे बघायच्या. खिडकीशी गेलो, तर दाराकडे. शेवटी मी ओरडलो, "इथे कोणी नाही! ते स्टूल उचला!"

मोहिनीबाईंनी उचललं. त्या दिवसापासून त्यांचं इंग्रजी बंद. स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायच्या. मुलाखत तोंडावर आलेली, आणि दीर कॅम्पात येऊन बसलेला.

घरी वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आरं, त्या बायांपरीस तुझी अक्कल मोठी हाय का? बोलव त्या मान्साला. मान दिल्यानं तुझी बी.ए. काय कमी व्हते?"

दुसऱ्या दिवशी मीच स्टूल मांडलं. पापड-पाणी ठेवलं. भर दुपारी, सगळ्या बायकांसमोर, रिकाम्या जागेला म्हणालो, "या सर, बसा. माझं चुकलं."

कोणी हसलं नाही. मी धडा सुरू केला. एक शब्द मी चुकीचा उच्चारला, तोच माझ्या अगदी मानेपाशी कोणीतरी खाकरलं... म्हातारं, कोरडं खाकरणं. वळलो नाही. वळायची हिंमतच झाली नाही. समोर मोहिनीबाईंनी तो शब्द बरोबर उच्चारला, मग पुढचं वाक्य, मग त्याच्या पुढचं.

लोक म्हणाले, मनाचे खेळ. असतील. पण ती वाक्यं बाईंच्या तोंडी आली कुठून? आणि माझ्या मागे खाकरलं कोण?

मोहिनीबाई मुलाखतीत पास झाल्या. पुढे नर्स झाल्या. दीर एकटाच अजमेरला परत गेला, आणि दोन्ही मुली आईपाशी वाढल्या.