तीन सात

हे आजवर कोनाले सांगतलं नाई, भाऊ. बायकोले बी नाई — अन् तिले तर मी कुठं पाय घसरून पडलो थे बी सांगतो.

परतवाड्यात माह्यं फार्म भराचं अन् टायपिंगचं दुकान. तीन कम्प्युटर, एकमेकाले जोडलेले. माह्यं शिक्षन इचारतं? सातवीत तीनदा नापास. टायपिंग करे सलीमभाई, माह्याहून दहा वर्षं मोठा. मी निरा गिऱ्हाइकायले हसवो.

चार वर्षं झाली. विंडोजमधी व्हायरस लय झाले म्हून लिनक्स टाकलं. अन् माह्याच दुकानात माहीच फाइल उघडेना. म्हने, परवानगी नाई. विंडोजमधी आपली धर्मशाळा होती — कोनी बी या, काही बी उघडा. मंग मोबाइलवर तोडगा सापडला. तीन सात लिहा, म्हंजे सात-सात-सात, सारं सार्‍यायले खुलं. वाटलं, हा आकडा माह्यासाठीच काढला.

सलीमभाई म्हने, "दादा, ते कुलूप हाय. किल्ली पाहा ना, कोयंडा काहून उपटता?"

मी ऐकतो कुठं? सार्‍या फायलीवर तीन सात मारले.

त्याच्यात आमच्या गल्लीतल्या मंदाताईचा अर्ज होता. नवऱ्यापासून सोडचिठ्ठी मांगाचा. सासरी कोनाले पत्ता नव्हता. एक दिवस तिचा दीर फार्म भराले आला, गिऱ्हाइकाच्या कम्प्युटरवर बसला. मी मागून गेलो तं — फार्म सोडून दुसरंच काही वाचून राहिला होता. म्हनलं, वाचू दे. काय बिघडते?

दुसऱ्या दिवशी मंदाताई आली. गालावर वळ. एकच इचारलं, "घरी कोनं सांगतलं?"

मले समजलं होतं. वळ पाह्यले तवाच समजलं होतं. अन् मी काय केलं? खोटं बी बोललो नाई — बोलाची हिंमत लागते. सलीमभाईकडे पाह्यलं. बस, पाह्यलंच. अर्ज त्यानं टाइप केलता. तिनं बी तिकडंच पाह्यलं.

सलीमभाईनं त्या फायलीची परवानगी तपासली — तीन सात. मंग माह्याकडे पाह्यलं. चष्मा खिशात ठेवला अन् निंगून गेला. पुन्हा दुकानात आला नाई.

सलीमच्या पोटात गोष्ट राहत नाई, असं गाव म्हनू लागलं. मी ऐकलं. वरून एक जोक बी मारला. लोक हसले.

आता तो अकोल्यात कोर्टाबाहेर टेबल टाकून बसते. मांगच्या महिन्यात दुरून दिसला. कोनाचा तरी कागद टाइप करून त्यानं टेबलावर पालथा ठेवला, वर गोटा ठेवला — येनाऱ्या-जानाऱ्याले वाचता येऊ नाई म्हून.

मी दुसऱ्या गल्लीनं स्टँडवर गेलो.