लसीच्या डब्यावरचा ठेका

सिस्टरबाईंनी उभ्या जन्मात कुणाला अडलेली ओळ सांगितली नाही. गाणारा मध्येच विसरला, गोष्ट सांगणाऱ्याचा धागा सुटला, की आपली जीभ शिवशिवते. त्यांची शिवशिवायची नाही. त्या मांडीवरच्या निळ्या डब्यावर ठेका धरायच्या आणि बाकीच्या सगळ्यांना टाळ्या धरायला लावायच्या. ओळ आठवेपर्यंत ठेका चालू. एकदा एका आजोबांना आठवायला इतका वेळ लागला, की त्यांची बायको मधल्या वेळात बाजारातून मिरच्या घेऊन परत आली.

त्यांचं नाव कौसल्या खंदारे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कळमनुरीच्या आसपासच्या गावांत आणि तांड्यांवर लेकरांना लसी टोचल्या आणि अडल्या बायांची बाळंतपणं केली. निवृत्त होताना एक फुटका, सरकारदरबारी बाद झालेला लसीचा डबा त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतला. "ह्या डब्यानं निस्ती लेकरं रडवली," त्या म्हणायच्या, "आता जरा मान्सं गाववू द्या त्याला."

दर बाजाराच्या दिवशी दुपारी चारला विहाराच्या पडवीत त्यांची बैठक भरायची. बाजाराचाच दिवस का, तर खेड्यांतली माणसं तालुक्याला आलेलीच असतात, त्यांना वेगळा हेलपाटा नको. त्यामुळे आमच्या श्रोत्यांत मेथीच्या जुड्या, तेलाचे डबे आणि क्वचित पाय बांधलेली एखादी कोंबडीही असे. नियम एकच होता. नुसतं ऐकायला बसायचं नाही. गाणं म्हणा, गोष्ट सांगा, नाहीतर येत असेल ते शिकवा. सलीमभाई एसटीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा कुकरची शिट्टी उघडून साफ करून दाखवली आणि मग त्याच दमात चार दखनी शेर ऐकवले. कुणी ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून घरचं बियाणं उगवेल की नाही ते बघायला शिकवलं. सिस्टरबाई जुन्या रजिस्टरात नावं घ्यायच्या आणि दवाखान्यातल्यासारखं खणखणीत ओरडायच्या, "पुढचं!" एखादा लाजून मागे सरकला तर म्हणायच्या, "सुई न्हाई माह्याकडं आता. काहून भेता?"

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती भाजीच्या पालापाशी. मला नुकतीच जवळच्या गावात शाळा मिळाली होती आणि माझ्या पर्समध्ये एक अर्ज घडी करून ठेवलेला होता. मला वर्ग नको, कार्यालयात टेबलाचं काम द्या, असा. कारण मी तोतरी. लहानपणापासूनची. मी शिकवत होते तो चौथीचा वर्ग मला हसायचा, आणि खरं सांगायचं तर मी मुलांना दोष देत नव्हते. मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघा बाई, नंतर अर्ज वर पाठवतो."

तर भाजीच्या पालापाशी सिस्टरबाईंनी विचारलं, "नव्या म्याडम का? नाव काय तुमचं?"

माझं नाव प्रतिभा. 'प' माझा जन्माचा वैरी. मी "प्... प्..." करत राहिले. भाजीवाली म्हणाली, "प्रमिला?" शेजारची म्हणाली, "प्रज्ञा असन." हे नेहमीचंच. सगळ्यांना माझी दया येते आणि सगळे माझ्या तोंडात शब्द कोंबतात. मी एरवी कुठल्याही नावाला मान डोलावून सुटका करून घ्यायची. एका लग्नात मी दोन दिवस पद्मा होते.

सिस्टरबाईंनी त्या दोघींना हाताने गप्प केलं. "नाव त्यांचं हाय, त्याच सांगतेन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "होऊ द्या सावकाश. मला काय घाई न्हाई, रिटायर झाले मी."

आणि खरंच त्या उभ्या राहिल्या. वांग्याच्या टोपलीच्या काठावर बोटांनी हळूहळू ठेका धरून. माझं नाव पूर्ण बाहेर येईपर्यंत. एवढा वेळ मला तोवर कुणी दिला नव्हता. आईनेसुद्धा नाही, तिला माझी तगमग बघवायची नाही म्हणून.

पुढच्या बाजारी मी पडवीत गेले. ऐकून निसटू असा बेत होता, पण "पुढचं!" आलंच. मला गाणं येत नव्हतं. गोष्ट सांगायचं धाडस नव्हतं. घाबरून मी एकोणीसचा पाढा सुरू केला. लोक आधी चकित झाले, मग सिस्टरबाईंच्या डब्याबरोबर टाळ्या धरू लागले. शहात्तरपर्यंत मी सुखरूप पोचले. पुढे पंच्याण्णव. पुन्हा 'प'. अडकले. सलीमभाईंचं तोंड उघडलेलं मला दिसलं. सिस्टरबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते मिटलं. डबा चालू, टाळ्या चालू, धप धप धप. कुणी माझ्याकडे टक लावून बघत नव्हतं, कुणी कीव करत नव्हतं. जणू अडकणं हाही पाढ्याचाच भाग होता. तीन आवर्तनं झाली असतील आणि पंच्याण्णव आले. एकोणीस दाहे एकशे नव्वदला पडवीत जो गलका झाला, तो मला कुठल्याही परीक्षेच्या निकालाला मिळाला नव्हता.

त्यानंतर मी एकही बाजार चुकवला नाही. आणि तिथेच माझ्या हातून ती चूक झाली.

गोमाबाई राठोड तांड्यावरून यायच्या. लेक सासरी निघते तेव्हाचं, बंजाऱ्यांच्या गोरबोलीतलं गाणं म्हणायच्या. त्यांच्या आईकडून आलेलं, लांबलचक, कुठे लिहिलेलं नाही. मी चार-पाच वेळा ऐकून ते पाठ केलं होतं. त्या दिवशी गोमाबाई मध्येच थांबल्या. डबा सुरू झाला. आणि मी, मास्तरीणच शेवटी, पुढची ओळ पटकन सांगून टाकली. न अडखळता सांगितली, याचा मला आनंदही झाला.

डबा थांबला. गोमाबाई कसनुसं हसल्या, "व्हय, तीच," म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचं गाणं त्या दिवशी झालंच नाही.

बैठक उठल्यावर सिस्टरबाई सतरंजी झटकता झटकता म्हणाल्या, "म्याडम, तिच्या तोंडातला घास काढला तुमी."

"पण त्यांना आठवत नव्हतं," मी म्हणाले.

"आठवून राहिलं होतं. अडलेली बाई बघितली का कधी? वढून काढायचं नसतं. संगं बसायचं." मग सतरंजीची घडी घालत म्हणाल्या, "ही तकलीफ तुमाला सांगाया पायजे का मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे जन्मभर लोकांनी माझ्याशी केलं, तेच मी पहिली संधी मिळताच गोमाबाईंशी केलं होतं. घरी येऊन मी रडले. मग विचार करू लागले, की माझ्या वर्गात कोणी वाचताना अडलं की मी काय करते? तेच करत होते. माझं अडखळणं झाकायला मी त्यांची वाक्यं पुरी करत होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात टेबलावर ठेका धरला. मुलांना सांगितलं, की जो अडेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी टाळ्या द्यायच्या आणि गप्प बसायचं. मीसुद्धा अडते, तेव्हा मलासुद्धा. पहिले चार दिवस नुसता धुडगूस. हे सिस्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "हसू द्या. हसून झालं की ऐकतेत." तसंच झालं. दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी अर्जाची आठवण केली, तेव्हा तो द्यायच्या स्थितीत नव्हता. त्याच्या पाठीमागे मी गोमाबाईंचं गाणं उतरवून घेतलं होतं, त्यांच्या तोंडून, त्यांच्या वेगाने, माफी मागून.

मी आजही तोतरी आहे. तो चमत्कार काही झाला नाही. पण मी आजही वर्गावर आहे, आणि ते सिस्टरबाईंमुळे.

गेल्या वर्षी त्या विसरू लागल्या. रजिस्टरात एकच नाव तीनदा लिहायच्या. एकदा भर बाजारात एका मिशाळ माणसाला अडवून म्हणाल्या, "तुह्या लेकराचा डोस राहिला," आणि तो बिचारा अदबीने म्हणाला, "सिस्टरबाई, ते लेकरू मीच." सून त्यांना हाताला धरून बैठकीला आणायची. हात थरथरायचे म्हणून डबा माझ्याकडे आला.

त्यांची स्वतःची एक ओवी होती. माहेरी, साखऱ्याला, त्यांची आई जात्यावर म्हणायची ती.

जात्याच्या पाळीवरी सांडलं ज्वारीचं पीठ
लेकीच्या पाटीवरी अक्षर आलं गं नीट

आम्ही ती इतक्यांदा ऐकली होती, की पडवीतल्या कोंबडीलाही पाठ असावी. त्या शेवटच्या बाजारी त्यांनी ती सुरू केली. पीठ सांडलं. "लेकीच्या पाटीवरी..." म्हणाल्या आणि थांबल्या.

मी डब्यावर ठेका धरला. गोमाबाईंनी टाळी धरली, सलीमभाईंनी धरली, सगळ्यांनी धरली. तीन आवर्तनं झाली. दहा झाली. सुनेने पदर डोळ्यांना लावला. उरलेले चार शब्द पडवीतल्या प्रत्येकाच्या तोंडात होते आणि कुणीही ओठ उघडले नाहीत.

मग सिस्टरबाईंनी मान वर केली. आमच्याकडे एकेक करून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, दवाखान्यातली काळजी आली.

"कोन अडकलंय?" त्यांनी विचारलं.

आमच्या टाळ्या चालूच राहिल्या.

"सांगू नका हं कोनी," त्या म्हणाल्या. "येतंय तिला. बसा जरा संगं." आणि थरथरते हात पुढे करून त्यासुद्धा आमच्याबरोबर टाळी देऊ लागल्या.

त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या. पण माझ्या मनात त्या गेल्या म्हटलं की तीच दुपार येते. अडलेल्या बाईसाठी ठेका धरून बसलेल्या सिस्टरबाई, आणि त्यांच्यासमोर मी, त्यांच्या आईची ओळ दातांखाली घट्ट धरून डबा वाजवत.