बंडू जागचा हलला नाही

मंडळी, आत्ताच घरी पोचलोय, टायपिंग सांभाळून घ्या.

आमच्या पाली गावच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गवत कापणं चालू आहे. मशीनखाली पाखरांची घरटी येऊ नयेत म्हणून माझा कुत्रा बंडू पुढे फिरतो. वास लागला की जागीच थिजतो आणि मी ‘चल’ म्हणेपर्यंत हलत नाही. तेवढं गवत आम्ही सोडून देतो. आमचे तात्या पूर्वी शिकारीला जायचे. शिकार सुटली, पण कुत्रा तयार करायची विद्या त्यांनी मला दिली. काठीला पिसं बांधून आठ महिने शिकवलंय त्याला.

आज बंडू उंच गवतात थिजला, तेव्हा मी पाणी प्यायला मागे राहिलो होतो. समोरून आमचा गवत कापणारा दिनूदादा ग्रासकटर फिरवत येत होता, कानात गाणी.

"दिनूदादा, थांब!" ऐकूच गेलं नाही.

"बंडू, चल! चल रे!" मशीनच्या आवाजात त्यालाही नाही. पातं जवळ येत होतं आणि हा माझ्या शब्दाची वाट बघत उभा.

कातळावरून कसा धावलो, देव जाणे. मध्ये जाऊन उभा राहिलो. दिनूदादाने मशीन बंद केलं तेव्हा पातं माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होतं.

बंडूच्या नाकासमोर लावा पक्ष्याची मादी अंड्यांवर बसलेली. तीही हलली नव्हती.

घरी तात्या एवढंच म्हणाले, "कुतरा पास झाला. नापास तू झालायस."

आता सांगा, जिवावर बेतलं तर पळ, हे बंडूला शिकवू? मग त्या मादीपाशी थांबणार कोण?